पाताळातल्या पाण्याचे ओझे

पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्या घरात वर्षानुवर्षे वापरला गेला, त्या घरातल्या माणसांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको. विहिरीच्या पाण्यात क्षार जास्त असले की बंबाच्या आत पांढरट थर धरतो. पहिल्या वर्षी तो बोटाने निघतो, पुढे खरवडावा लागतो, आणि दुर्लक्ष केले तर लाकडे तेवढीच जळूनही पाणी लवकर तापत नाही. वाचकहो, याच थराने जगातल्या काही वीजकेंद्रांना जेरीस आणले. ही केंद्रे कोळशावर चालत नाहीत, धरणाच्या पाण्यावरही नाहीत. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर ती चालतात. त्यांनी या थराशी कसा सामना दिला, त्याची हकिगत आज पाहू.

आरंभ झाला इटलीत. टस्कनी प्रांतात लार्देरेल्लो नावाचे गाव आहे. तिथे जमिनीतून वाफेचे फवारे निघत आणि तिथल्या पाण्यापासून बोरिक ॲसिड काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत होता. या धंद्याचे प्रमुख पिएरो जिनोरी कोंती यांनी १९०४ सालच्या जुलैत त्या वाफेवर एक लहानसे यंत्र फिरवले आणि पाच दिवे लावून दाखवले. पाचच दिवे, पण भूमीच्या उष्णतेपासून वीज होते हे सिद्ध झाले. १९१३ साली तिथे २५० किलोवॅटचे केंद्र उभे राहिले. लार्देरेल्लोचे भाग्य असे, की तिथे जमिनीतून मुख्यतः कोरडी वाफ येते. वाफ क्षारांचे ओझे फारसे वाहून आणत नाही. ओझे वाहते ते पाणी.

अशी कोरडी वाफ जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. बहुतेक ठिकाणी खोल खडकात अतिशय तापलेले पाणी असते. वरच्या दाबामुळे ते तिथे उकळत नाही. विंधणविहिरीतून ते वर येऊ लागले की दाब कमी होतो, त्यातल्या काही भागाची वाफ होते आणि बाकीचे पाणीच राहते. न्यूझीलंडमधल्या वैराकेई इथे अशा पाण्यावर मोठे केंद्र उभारून १९५८ साली वीज सुरू केली. विहिरीच्या तोंडाशीच वाफ आणि पाणी वेगळे करायचे, वाफ टर्बाइनकडे पाठवायची आणि पाणी सोडून द्यायचे, अशी ती योजना होती.

आता शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. अडीचशे अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात दर लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम सिलिका विरघळलेली असते. सिलिका म्हणजे गारगोटी ज्या द्रव्याची बनते ते. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभरच! पण एखाद्या केंद्रात तासाला हजार टन पाणी येत असेल, तर तासाला ५०० किलो आणि दिवसाला १२ टन सिलिका त्या पाण्याबरोबर वर येते. त्यातला थोडा भाग जरी नळात बसला, तरी नळाचे काय होईल?

बरे, हे ओझे एकाच स्वभावाचे नाही. मुख्य द्रव्ये दोन, आणि दोघांच्या तऱ्हा निराळ्या.

पहिले द्रव्य चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात विरघळून राहते ते कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या आधाराने. गोटी सोड्याची बाटली फोडली की काय होते? दाब सुटतो आणि वायू फसफसून निघून जातो. विहिरीतही तसेच घडते. पाणी वर येता येता जिथे उकळू लागते तिथे वायू सुटतो, चुनखडीचा आधार जातो, आणि ती तिथेच नळाला चिकटते. तेव्हा हा थर विहिरीच्या आत, नजरेआड धरतो.

दुसरे द्रव्य सिलिका. तिचे वागणे साखरेच्या पाकासारखे. पाक गरम आहे तोवर साखर त्यात सुखाने राहते, निवला की बाहेर पडू लागते. सिलिकाही पाणी निवल्यावर बाहेर पडते. म्हणून तिचा थर धरतो तो पाणी वापरून झाल्यावर, परतीच्या वाटेवर.

वैराकेईत मुख्य गाठ पडली ती सिलिकेशी. वाफ वेगळी करताना पाणी फार निवू द्यायचे नाही, म्हणजे सिलिका यंत्रात बसत नाही, हे तिथे साधले. ती बसे पुढे, पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या चरांत. तिथे माणसांना उतरून ती खरवडता येई. थर टळला नाही, पण तो कुठे धरावा हे माणसाला ठरवता आले. पुढच्या सगळ्या उपायांचे बीज यातच आहे.

तुर्कस्तानातल्या किझिलदेरेची गोष्ट अधिक बिकट. या नावाचा अर्थ तांबडा ओढा. तिथे १९८४ साली वीजकेंद्र सुरू झाले. त्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड इतका, की तो वेगळा काढून विकण्याचा कारखानाच शेजारी निघाला. वायू जास्त म्हणजे चुनखडीही जास्त. विहिरींचे नळ आतून अरुंद होत गेले. दर काही महिन्यांनी विहीर बंद करायची, छिद्र पाडणारे यंत्र आणायचे, आतला थर कातून काढायचा आणि पुन्हा सुरुवात करायची! तेवढे दिवस त्या विहिरीची वीज बंद.

याहून मोठी अडचण खालच्या शेतकऱ्यांची होती. वापरलेले पाणी मेंदेरेस नदीत सोडले जाई. त्या पाण्यात बोरॉन होते. बोरॉन पिकाला लागतो, पण अगदी किंचित. प्रमाण वाढले की पाने करपतात. लिंबू-संत्र्याच्या जातीची झाडे आणि अंजीर तर फारच नाजूक. मेंदेरेसचे खोरे अंजिरासाठी नावाजलेले, आणि तिथली शेती त्याच नदीच्या पाण्यावर. वीज एकाची आणि नुकसान दुसऱ्याचे, असा हा प्रकार. यावर खरा उपाय एकच, की जमिनीतून काढलेले पाणी जमिनीतच परत घालायचे.

म्हटले तर सोपे! पण परत घालायचे पाणी निवलेले, आणि निवले की सिलिका पडते. ती खडकाच्या भेगा कशा बुजवते, ते आइसलंडमध्ये दिसले. स्वार्त्सेंगी इथे १९७६ साली केंद्र सुरू झाले. वापरलेले पाणी शेजारच्या लाव्ह्याच्या सच्छिद्र खडकात सोडले, ते मुरून जाईल या हिशेबाने. सिलिकेने भेगा बुजवल्या आणि निळसर पाण्याचे तळे साचले. लोक पुढे त्यात स्नानाला येऊ लागले. तळे शोभेचे झाले खरे, पण पाणी परत घालायच्या विहिरीत हेच घडले तर विहीर निकामी होते.

म्हणजे थर आवरता आला तरच पाणी परत घालता येते, आणि पाणी परत घातले तरच नदी वाचते. नळाच्या आतला प्रश्न असा शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचला.

उपाय कोणते निघाले? चुनखडीसाठी अवरोधक द्रव्ये आली. विहिरीत एक बारीक नळी, पाणी जिथे उकळू लागते त्याच्याही खाली सोडायची आणि तिच्यातून हे द्रव्य थेंब थेंब द्यायचे. लिटरमागे काही मिलिग्रॅम पुरतात. चुनखडीचा कण वाढू लागला की हे द्रव्य त्याच्या कडांना बिलगते आणि त्याची वाढ रोखते. चुनखडी जात नाही, पाण्याबरोबर निमूट बाहेर येते. नळी उकळण्याच्या जागेच्या वर राहिली, तर मात्र सगळे व्यर्थ. कोस्टा रिकामधल्या मिरावायेस केंद्रात, जे १९९४ साली सुरू झाले, ही पद्धत वापरात आली. किझिलदेरेतही पुढे ती आली.

सिलिकेसाठी तीन वाटा. एक, पाणी गरम असतानाच परत घालायचे. यात थोडी उष्णता वापराविना जाते. दुसरी, पाण्यात किंचित आम्ल मिसळायचे, म्हणजे सिलिका गोळा व्हायला उशीर लागतो. पण आम्ल जास्त झाले तर नळच खाल्ले जातात. तिसरी वाट कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सरोवराजवळ निघाली. तिथल्या भूगर्भजलाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा क्षारांचा असतो. १९६० च्या दशकात तिथल्या एका विहिरीच्या नळांत तीन महिन्यांत काही टन थर धरला, आणि त्यात तांबे व चांदीही निघाली. एवढे ओझे अडवून अडणार कसे? मग १९८० च्या दशकात उलटा विचार झाला. खडीसाखर करणारा पाकात दोरा सोडतो आणि खडे दोऱ्यावर धरतात. तसे मोठ्या टाकीत सिलिकेचेच बारीक कण आधी सोडायचे. पाण्यातली सिलिका नळाला न चिकटता त्या कणांवर बसते, गाळ खाली राहतो आणि निवळलेले पाणी जमिनीत परत जाते.

आपल्या देशात तीनशेहून अधिक उष्ण झरे आहेत. कोकणातले वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे इथले झरे आपल्या ओळखीचे. विजेच्या दृष्टीने अधिक आशा आहे ती लडाखमधल्या पुग्याची. तिथे वीज निर्माण करण्याचा करार २०२१ साली झाला. लार्देरेल्लोत पाच दिवे लागले त्याला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती, आणि या काळात इतरांनी नळ खरवडून जे शिकून घेतले ते आपल्याला आयते मिळाले आहे.

म्हणून कुठेही अशी विहीर खोदायची झाली, तर या पाण्यात काय विरघळले आहे, ते कुठे आणि केव्हा बाहेर पडेल, आणि वापरलेले पाणी कुठे जाणार, हे अगोदर विचारावे. शेवटचा प्रश्न तर गावकऱ्यांनीच विचारावा, आणि तोही पहिला खड्डा पडण्यापूर्वी.