पाणी नसलेले बेट

आमच्या रांजणगावचा इतिहास सांगणारा मनुष्य महागणपतीपासून सुरुवात करतो. अष्टविनायकांतले हे स्थान. त्याचा गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधवून घेतला, असे सांगतात. त्यानंतर पुणे-नगर रस्ता येतो आणि शेवटी १९९० नंतरच्या दशकात उभी राहिलेली औद्योगिक वसाहत. देव, रस्ता आणि कारखाने एवढ्यात गाव संपते. गावकुसाबाहेर महारवाडा होता, तिथे माणसे जन्मली, राबली आणि मेली, याची नोंद या इतिहासाला घ्यावीशी वाटलेली नाही. मी त्या वस्तीत वाढलो. म्हणून ही नोंद मला करावी लागत आहे.

मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांना बेटांचे मोठे आकर्षण. मालिनोव्स्की नावाचा पंडित पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला आणि १९२२ साली त्याने तिथल्या लोकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या लोकांच्या होड्या, बागा, मंत्रतंत्र, देणीघेणी, सगळे त्याने पाहिले. आमच्याकडच्या पंडितांना मात्र आपल्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर असलेले बेट दिसले नाही. बेट म्हणजे काय? चारी बाजूंनी वेढलेली, मुख्य भूमीपासून तुटलेली जागा. या अर्थाने महाराष्ट्रातील प्रत्येक महारवाडा हे एक बेटच होते. फरक एवढाच की, बेटाच्या भोवती पाणीच पाणी असते आणि आमच्या बेटावर पाणीच नव्हते.

शिरूर तालुका हा अवर्षणाचा मुलूख. उत्तरेला घोड, दक्षिणेला भीमा आणि मधे बाजरी-मटकीचे माळ. अशा मुलखात पाणी हीच सत्ता असते. माझी आजी सांगायची की, गावच्या विहिरीच्या कडेला आमच्या बायका रिकामी मडकी मांडून बसत. कोणी वरून ओतले तर पाणी. ओतणारी भली असली तर मडके भरे, घाईत असली तर अर्धे राही. "तहान आपली आन् मर्जी त्यांची," एवढेच ती म्हणे. तिने कधी यावर भाष्य केले नाही. भाष्य करण्याची गरज तिला वाटत नसावी.

या बेटाचे मुख्य भूमीशी नाते काय होते? गावगाड्यावर लिहिणाऱ्यांनी महारांच्या कामांच्या याद्या दिल्या आहेत. वेशीची राखण करायची, सरकारी कामगार आला की त्याचे ओझे वाहायचे, लाकूडफाटा पुरवायचा, साऱ्याची थैली तालुक्याला पोचवायची, मेलेले ढोर ओढायचे, मर्तिकाचा सांगावा गावोगाव न्यायचा. मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याची जमीन, खळ्यावरचे बलुते आणि पाळीच्या येसकराने घुंगराची काठी वाजवत दारोदार मागून आणलेली भाकरी. वतन या भारदस्त शब्दाचा अर्थ आमच्यापुरता एवढाच होता. कामाला वेळ नाही आणि मोबदल्याला माप नाही.

यातल्या एका कामाकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. शीव कुठून जाते हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पायांना ठाऊक असे. ज्याची सावली विटाळ करी, त्याचा शब्द मात्र गावाच्या जमिनीचा दस्तऐवज होता. ज्यांना अक्षर नाकारले, त्यांच्याच स्मरणावर गावाचे दफ्तर चालले. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, आपले पूर्वज म्हणजे मोडलेल्या टोळ्यांतील माणसे. त्यांना कोणी गावातून हाकलले नाही. राखणदार म्हणून ते प्रथमपासूनच गावाबाहेर राहत होते आणि विटाळ त्यांना नंतर चिकटवला गेला. हा सिद्धान्त विद्वानांनी तपासावा. वेस आणि शीव या दोन्ही ठिकाणी महार उभा का असे, या प्रश्नाला त्याने एक उत्तर मिळते, एवढे मी म्हणेन.

आता बेटाविषयीचा दुसरा मुद्दा. मालिनोव्स्कीला असे आढळले की, ती बेटे दिसायला तुटलेली असली तरी एकटी नव्हती. शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि शिंपल्यांची कडी उलट दिशेने, अशा शेकडो मैलांच्या फेऱ्या समुद्रावरून चालत. समुद्र हीच त्यांची वाट होती. हे वाचताना मला माझा आज्जा आठवला. गावातला कुणबी वर्षातून दोन-चार बाजार आणि एखादी वारी करी. आज्जा मात्र आठवड्याला कर्डे, न्हावरे, शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, घोडनदी अशी पायपीट करी. सांगावा गावाचा असे, पण भाकर खायला आणि पाठ टेकायला तो त्या त्या गावच्या महारवाड्यातच जाई. तिथे कुणाची बहीण दिलेली असे, कुणाची मेव्हणी. येताना तो बातमी घेऊन येई. पोर जन्मले, म्हातारी गेली, अमक्या गावी महारांनी अमुक काम नाकारले. आजी म्हणायची, "गावाला आपला इटाळ व्हता, पर आपल्या पायाचा न्हाई." वेठबिगारीने आमच्या माणसांना गुरासारखे पळवले. मात्र त्या पळण्यातूनच बेटाबेटांना जोडणारी एक वाट तयार झाली. ही वाट गावाला दिसली नाही, कारण गावाने आमच्याकडे कधी पाहिलेच नव्हते.

या वाटेवरचे एक ठिकाण आज सर्वांना माहीत आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाकाठी कोरेगावला पोचली. शिरूरहून कोरेगावकडे जाताना आमचे गाव लागते. त्या पलटणीत महार शिपाई होते. लढाईत पडलेल्यांच्या नावांत 'नाक' शेवटी असलेली त्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर आजही वाचता येतात. ज्या इंग्रजांसाठी ते लढले, त्याच इंग्रजांनी १८९२ नंतर महारांची सैन्यभरती बंद केली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' हे पत्र चालवून मुरळीसारख्या रूढींवरही त्यांनी प्रहार केले. १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाजवळ सभा झाली आणि बाबासाहेब तिथे आले.

माझा आज्जा त्या दिवशी कोरेगावला नव्हता. तो साऱ्याची थैली घेऊन घोडनदीला गेला होता. सभेची हकीकत त्याला तिथल्या वस्तीत कळली आणि थैलीच्या रिकाम्या हाताने तो ती आमच्या वस्तीत घेऊन आला. पुढे मार्चमध्ये महाडची परिषद झाली. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, शिळ्यापाक्यावर जगू नका, हा बाबासाहेबांचा संदेश वर्तमानपत्राच्या आधी या पायवाटांनी गावोगाव गेला. आमच्याकडे पेपर वाचणारे कोण होते? वाचायला येणारा एखादा पोरगा वस्तीत असला तर 'बहिष्कृत भारत'चा अंक हाताळून फाटेपर्यंत फिरे.

त्याच पावसाळ्यात गावात एक बैल मेला आणि आमच्या लोकांनी तो ओढायला नकार दिला. आज्जा सांगे की, नकार देताना पंचांचेही पाय लटपटत होते. गावाने बलुते बंद केले, दुकानाची पायरी बंद केली, रानातली वाट बंद केली. बेट खऱ्या अर्थाने तुटले. घरात चार दिवसांचे दाणे होते. पाचव्या दिवशी रात्री न्हावऱ्याहून आजीचा भाऊ डोक्यावर बाजरीचे गाठोडे घेऊन आला. त्याच्या मागून कर्ड्याचे आले. सांगावा कोणी धाडला हे कोणाला धाडावे लागले नाही. गावाच्या कामासाठी पडलेल्या पायवाटा या वेळी प्रथमच आमच्या कामी आल्या. माझ्या मते चळवळीच्या इतिहासात ठरावांइतकेच मोल या गाठोड्याचे आहे. परंतु ठरावांची इतिवृत्ते छापली गेली. गाठोडे डोक्यावर आले आणि पोटात गेले.

एका गोष्टीची कबुली इथे दिलीच पाहिजे. आमच्या बेटाच्या पलीकडे मातंगांची चार घरे होती, ते दुसरे बेट. त्यांच्या मडक्यात आमच्या बायका वरूनच पाणी ओतत. गावाने आमच्याशी जे केले तेच आम्ही त्यांच्याशी केले. त्या बैलाच्या वेळी त्यांच्या घरी दाणे होते की नव्हते, हे आमच्यापैकी कोणी विचारल्याचे मला आठवणींत सापडत नाही. आपला इतिहास लिहिताना हे पान फाडून टाकता येणार नाही.

वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला महार वतनदारांची परिषद भरली. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली आणि तो अमलात आला १९५९ साली. तोवर १९५६ च्या धम्मदीक्षेने वस्तीतले देव्हारे रिकामे झाले होते. मी तेव्हा लहान होतो. आज्जाने घुंगराच्या काठीचे घुंगरू काढून शेळीच्या गळ्यात बांधले आणि काठी छपराच्या वाशाला लावली, एवढे मला लख्ख आठवते. आम्ही हसलो. आज्जा हसला नाही. कारण बलुतेही गेले होते आणि वतनाची जमीन आपल्या नावे करून घ्यायला रोख रक्कम भरायची होती. ज्यांना भरता आली त्यांची जमीन राहिली. ज्यांना आली नाही, त्यांच्या पोरांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. स्वातंत्र्याची किंमत प्रत्येकाला परवडली नाही, हे सत्य आपल्या गौरवलेखांत क्वचितच येते.

आज वस्तीत नळ आहे, सिमेंटची घरे आहेत, बुद्धविहार आहे. आमची नातवंडे कारखान्यांत पाळीवर जातात. 'पाळी' हा शब्द तोच आहे, तिचे तास मात्र ठरलेले आहेत आणि पगार बँकेत येतो. हा बदल लहान नव्हे. मराठवाडा-विदर्भातून शेकडो तरुण इथे कामाला येतात, खोली शोधतात. त्यांतल्या एकाने मला सांगितले की, घरमालकाने भाडे सांगण्याआधी त्याचे आडनाव विचारले आणि मग खोली नुकतीच गेल्याचे सांगितले. तो आता आमच्या वस्तीत राहतो. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षे झाली, तेव्हा याच रस्त्यावर दगड आणि जाळपोळ पाहिलेली माणसे आजही आमच्यात आहेत. बेटाभोवतीचा समुद्र आटला, असे म्हणण्याची घाई कोणी करू नये.

स्तंभावरची नावे दगडात कोरलेली आहेत, ती राहतील. माझी चिंता वेगळी आहे. कोणती वस्ती कोणत्या वस्तीशी जोडलेली होती, बहिष्कारात दाणे कुठून आले, विहिरीवर कोण ओतीत असे आणि कोण तोंड फिरवीत असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्या म्हाताऱ्या एकेक करून जात आहेत. मी एक वही घातली आहे आणि रोज एका घरी जाऊन बसतो. आपापल्या वस्तीत वाचकांनीही अशी वही घालावी. आपल्या घरातल्या म्हातारीला आधी एवढेच विचारावे: तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे?