गळापुढे चालणारी चमक



आपल्या भोई समाजाचे दोन उद्योग सर्वश्रुत आहेत : पालखी वाहणे आणि गोड्या पाण्यातील मासेमारी. पालखीच्या भोयांचे उल्लेख जुन्या कागदपत्रांतून जागोजाग येतात. नदीवरच्या भोयाविषयी लिहिणारे मात्र थोडे. प्रस्तुत लेखक शाळेत शिकत असताना एका गुरुजींनी भर वर्गात विचारले होते, "मासे धरायला अक्कल ती काय लागते?" सारा वर्ग हसला. करी रोडच्या चाळीत परतल्यावर मी तो प्रश्न वडिलांच्या कानी घातला. ते रात्रपाळीला निघाले होते. पायांत वहाणा सरकवीत ते एवढेच म्हणाले, "माशाला हाक कशी मारायची, ते त्यांना इचार." त्या उत्तराचा अर्थ उमगण्यास मला पुष्कळ वर्षे लागली.

गळाने मासा धरणे ही वस्तुतः एक क्रिया नसून दोन क्रिया आहेत. आधी माशाला बोलवावयाचे, मग धरावयाचे. पहिली साधली नाही तर दुसरीला अवसरच मिळत नाही. हा भेद आपल्याकडे किती जुना आहे हे पाहावयाचे असेल तर कल्याणीच्या चालुक्यांकडे जावे लागते. सांप्रत कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात असलेल्या या कल्याणीचा राजा तिसरा सोमेश्वर याने शके 1051, म्हणजे इ. स. 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. जुन्या मराठीचे नमुने त्यात आढळतात म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातील व नद्यांतील सुमारे 35 जातींचे मासे, कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, खाद्य घालून त्यांना एका जागी कसे लावावे, आणि मग दोरी, काठी व गळ कसे असावेत, असा विषय राजाने मांडला आहे. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर निबंध लिहून ते विद्वानांच्या नजरेस आणले. राजाने हे ज्ञान राजवाड्याच्या गच्चीवर बसून मिळविले असेल असे मला वाटत नाही. नदीकाठी उभ्या असलेल्या कोणाला तरी त्याने ते विचारले असणार.

असेच विचारणारा दुसरा मनुष्य सातशे वर्षांनी आला. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांची पाहणी केली आणि 1838-39 च्या सुमारास ती लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महासीर माशाला त्याने शास्त्रीय नाव दिले ते 'खुद्री'. इतरांना दिलेली नावे पाहा : कोलस, मुल्या, फुलुंगी, बोगट. ही लॅटिन नव्हेत, दख्खनच्या नदीवरची आहेत. शास्त्राच्या रीतीप्रमाणे नावापुढे कंसात 'साइक्स' असे छापतात. सांगणाऱ्याचे नाव छापण्याची रीत नाही.

आता चमकेकडे वळू. भक्ष्यावर जगणारा मासा पाण्यात दोन गोष्टी टिपतो. लहान मासळी कूस वळवते तेव्हा तिचे खवले लखकन चमकतात, ती चमक डोळ्यांनी. आणि तिच्या धडपडीने पाण्यात उठणारा कंप, तो अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या संवेदनारेषेने. या दोहोंची नक्कल म्हणजे धातूचा चमचा. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला व बुडत जाणाऱ्या चमच्यावर मासा झेपावला, तीवरून त्याला ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे; 1852 साली त्याने तिचे पेटंट घेतले. आपल्या देशात मंगळूरकडील कलेक्टर एच. एस. थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 साली निघाले आणि महासीरासाठी चमचा वापरणे साहेबलोकांत रूढ झाले. फिनलंडचा लाउरी रापाला हा तर आपल्यासारखाच गरीब मच्छीमार. त्याने 1936 साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चढविला आणि होडी वल्हवीत तो मागून ओढला.

होडीमागे ओढण्याच्या या रीतीत पुढे एक सुधारणा झाली, आणि वडिलांच्या 'हाके'ची खरी उकल मला तीत सापडली. अमेरिका व कॅनडातील खोल, थंड सरोवरांत ट्राउट आणि कोकनी हे मासे धरताना दोरीवर आधी एक बिनगळाचा चकाकता पत्रा बांधतात. त्याचे काम केवळ बोलावण्याचे. गळ असलेले लहान आमिष त्याच्या मागून येते. पत्रा नुसता डुलणारा असेल तर मागची दोरी वीत-दीड वीत इतकी आखूड ठेवतात, म्हणजे पत्र्याचा हेलकावा आमिषापर्यंत पोहोचतो. गरगर फिरणाऱ्या पात्यांची माळ असेल तर दोरी हात-दोन हात सोडतात, नाहीतर मासा त्या गोंधळालाच बिचकतो. पुढेमागे भोवरकडी, म्हणजे दोन्ही अंगांनी फिरणारी कडी, हवीच. तिच्यावाचून दोरीला पीळ पडून गुंता होतो. दोरी लांब सोडण्यापूर्वी पत्रा होडीच्या कडेला पाण्यात धरून पाहावा. डुलणारा पत्रा पूर्ण गिरक्या घेऊ लागला तर होडीचा वेग अधिक आहे असे समजावे. रंगाविषयी सर्वसाधारण नियम असा की नितळ पाणी व लख्ख ऊन असता चंदेरी, गढूळ पाणी किंवा झाकोळ असता पितळी अथवा तांबडसर. तांबड्या रंगावर मात्र खोल पाण्यात भिस्त ठेवू नये. प्रकाशातील तांबडा भाग सर्वांत आधी विरतो.

वडिलांनी यातले काहीच वाचले नव्हते. रजेत गावी गेले की नीरेच्या डोहात ते नावेमागे पितळी चमचा ओढीत. दांडा कापलेला, दोन टोकांना दोन भोके, मागे गळ. चमच्याच्या वीतभर पुढे खोबरेल तेलाच्या डब्याचा चकचकीत तुकडा बांधलेला असे. तो कशाला, असे मी एकदा विचारले. "तो बोलावतो," ते म्हणाले. घरातला चमचा नाहीसा झाला म्हणून आईने धरलेला अबोला त्या सुटीभर टिकला, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु ही हाक सर्वांना ऐकू येत नाही. धरणांतून सोडलेले कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेकडील मासे शेवाळ, सूक्ष्म जीव व तळचा गाळ यांवर पोसतात. त्यांच्यापुढे पत्रा नाचविणे व्यर्थ. तेथे सोमेश्वराचा मार्ग, म्हणजे खाद्य घालणे, हाच खरा. चमकेवर येतात ते शिवडा, मरळ आणि महासीर.

पैकी महासीर आपल्या नद्यांतून पुष्कळच घटला. त्याला पुन्हा वाढविण्याचे काम लोणावळ्यास टाटांच्या वळवण तलावाशी झाले. मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तेथे 1970 नंतरच्या वर्षांत कृत्रिम प्रजननाने खुद्रीची पिल्ले वाढविली व ती अनेक राज्यांत धाडली गेली. लोणावळ्याच्याच तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. नदी सोडून आपली वडीलधारी मंडळी गिरणगावात आली, तेथेही मागावर नदीचेच पाणी काम करीत होते.

महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तेथील महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात. लोक कुरमुरे टाकतात, मासे झुंडीने वर येतात, आणि कोणी गळ टाकीत नाही. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली तेव्हा वडील मला तेथे घेऊन गेले होते. कुरमुऱ्यांची पुडी संपेपर्यंत ते काठावर बसून राहिले.

ज्यांच्या घरी जुने गळ, भोवरकड्या किंवा ओढण्याची आमिषे असतील, अथवा ज्यांना त्यांची नदीवरची नावे ठाऊक असतील, त्यांनी ती गावाच्या व नदीच्या नावासह मंडळाकडे लिहून पाठवावीत. सांगणाऱ्याचे नावही अवश्य लिहावे.