मागेल त्याला हवा

स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर आणि स्कूबा डायव्हरच्या तोंडातला रेग्युलेटर हे नात्याने चुलतभाऊ. दोघांच्याही पोटात एक रबरी पडदा, एक स्प्रिंग आणि एक झडप. शेगडीला कायम एकाच दाबाचा गॅस चालतो. डायव्हरला मात्र तो जितक्या खोलवर असेल तिथल्या दाबाची हवा लागते, आणि तीही तो श्वास ओढेल त्याच क्षणी. पाण्यात दर 10 मीटरला दाब 1 बारने वाढतो आणि सिलिंडरमध्ये हवा कोंबलेली असते 200 बारला. ती थेट तोंडात सोडली तर फुप्फुसं फाटतील. वरून लांब नळीने साधी हवा ओढावी म्हटलं, तर मीटरभर खाली गेल्यावरच छाती फुगेनाशी होते. यातून वाट काढली ती रबराच्या एका चकतीने. कुठला रेग्युलेटर घ्यावा यावर डायव्हर मंडळींत जे वाद झडतात, ते बहुतेक या चकतीच्या इतिहासातलेच आहेत.

सुरुवात समुद्रात नव्हे, खाणीत झाली. दक्षिण फ्रान्समधल्या बनुआ रुकेरोल या खाण अभियंत्याला विषारी वायू भरलेल्या बोगद्यांत बचावासाठी माणूस पाठवायचा होता. 1860 मध्ये त्याने पेटंट घेतलं. पाठीवर दाबाखालच्या हवेची टाकी, तिच्यावर पडदा. श्वास ओढला की पडदा आत खेचला जाऊन झडप उघडते, ओढणं थांबलं की मिटते. एस्पालियों गावात त्याची गाठ ओग्युस्त दनेरूझ या नौदलातल्या लेफ्टनंटशी पडली आणि 1864 मध्ये हेच यंत्र पाण्यात उतरलं. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला पाणी असलं की पाण्याचा दाबच हवेचा दाब ठरवतो. कुणी काही मोजायचं नाही, कुठली चावी फिरवायची नाही. माझ्या लेखी या घराण्याचा मूळपुरुष रुकेरोलच. पुढच्या सगळ्यांनी त्या पडद्याची जागा तेवढी बदलली.

ज्यूल व्हर्नने कादंबरीत कॅप्टन नेमोच्या माणसांच्या पाठीवर हेच यंत्र नावानिशी चढवलं. प्रत्यक्षातल्या पाणबुड्यांचं नशीब इतकं थोर नव्हतं. त्या काळच्या टाकीला फार दाब सोसत नसे, हवा लवकर संपे, त्यामुळे बोटीवरच्या पंपाची नळी बहुधा जोडलेलीच ठेवावी लागे. पुढे पोलादी बाटल्या सुधारल्या, तर झडप मागे पडली. 1933 मध्ये ईव्ह ल प्रियरने 150 बारची बाटली वापरली, पण हवा हाताने नळ सोडल्यासारखी वाहती. अर्धीअधिक बुडबुड्यांतच जायची. जॉर्ज कोमेनने श्वासागणिक हवा देणारं यंत्र केलं होतं खरं, पण 1944 मध्ये तो युद्धात मारला गेला आणि त्याचं नाव आज जाणकारांपुरतंच उरलं आहे.

नाव झालं ते झाक-ईव्ह कुस्तोचं. 1942 चं पॅरिस जर्मनांच्या ताब्यात, पेट्रोल दुर्मीळ, गाड्या गॅसवर चाललेल्या. एअर लिक्विड कंपनीतल्या एमिल गान्यांने या गाड्यांसाठी रुकेरोल-दनेरूझच्या जुन्या यंत्रावरून एक छोटा रेग्युलेटर बनवला होता. कुस्तोचे सासरे त्याच कंपनीत वरच्या हुद्द्यावर. त्यांच्या ओळखीने डिसेंबरमध्ये दोघांची भेट झाली. काही आठवड्यांनी, ऐन थंडीत, पॅरिसजवळच्या मार्न नदीत चाचणी झाली. कुस्तो आडवा पोहत होता तोवर सगळं सुरळीत. उभा राहिला की हवा भसाभसा वाहू लागे. खाली डोकं वर पाय केलं की श्वास ओढता ओढवेना.

दोष सापडला तो असा. हवा आत घेणारी झडप एका जागी आणि उच्छ्वास बाहेर सोडणारं तोंड तिच्यापासून जेमतेम 15 सेंटीमीटरवर. माणूस आडवा असताना दोन्ही एका पातळीत, उभा राहिला की एक वर, एक खाली. वीतभर पाण्याच्या वजनाने काय बिघडणार, असं आपल्याला वाटतं. पण नाजूक पडद्याला तेवढं वजन पुष्कळ होतं. उपाय साधा निघाला. उच्छ्वासाची वाट पडद्याला खेटून ठेवली. म्हणूनच जुन्या फोटोंत डायव्हरच्या तोंडापासून दोन जाड नळ्या पाठीकडे जाताना दिसतात. एकीतून हवा येते, दुसरीतून वापरलेली हवा पाठीवरच्या पडद्यापाशी परत जाते. उन्हाळ्यात हे यंत्र भूमध्य समुद्रात उतरलं आणि चाललं.

तरी पडदा पाठीवरच होता. पालथं पोहताना तो फुप्फुसांच्या वर येई आणि श्वासाला जोर लागे. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने तो उचलून तोंडाशी आणला. त्याचा ‘पॉरपॉइज’ 1952 च्या सुमाराला बाजारात आला. सिलिंडरवरचा फर्स्ट स्टेज दाब एका टप्प्यात उतरवतो, मधली बारीक नळी ती हवा पुढे नेते आणि तोंडातला सेकंड स्टेज उरलेलं काम करतो. फ्रेंच पेटंट दोन नळ्यांचं असल्याने त्यालाही बगल देता आली. पुढे एअर लिक्विडने एल्ड्रेडची कंपनीच विकत घेतली. आज जगभर चालतो तो साचा एल्ड्रेडचा, नाव मात्र कुस्तोचं.

नंतरची भांडणं फर्स्ट स्टेजच्या पोटातली. तिथे पिस्टन असतो किंवा डायफ्राम, म्हणजे पडदा. पिस्टनमध्ये हलणारे भाग कमी, त्यामुळे सर्व्हिसिंग सोपं; पण त्याच्या स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचं पाणी शिरतं आणि मीठ-वाळू आत बसते. डायफ्राममध्ये पाणी पडद्याबाहेरच राहतं. थंड प्रदेशात हे फार महत्त्वाचं, कारण दाब सुटताना हवा गार पडते, आत बर्फ धरतो आणि झडप उघडी अडकून हवा नुसती वाहत सुटते. साध्या, ‘अनबॅलन्स्ड’ पिस्टनमध्ये सिलिंडर रिकामा होत आला की श्वास किंचित जड होतो. ‘बॅलन्स्ड’मध्ये तो शेवटपर्यंत तसाच राहतो. हा जडपणा मोजतातही. युरोपच्या ईएन 250 मानकानुसार 50 मीटरवर, मिनिटाला 62.5 लिटर हवा ओढताना, दर लिटरमागे 3 ज्यूलपेक्षा जास्त श्रम पडता कामा नयेत. आजचे चांगले रेग्युलेटर याच्या खूप खाली असतात. त्यामुळे जाहिरातीतल्या दशांशांच्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजणं मला पटत नाही.

मालवण-तारकर्लीचं पाणी उबदार आणि पर्यटक उतरतात तो भाग उथळ. तिथे साधा पिस्टनवाला बिनबोभाट चालतो. तिथला शत्रू मीठ. डाइव्ह संपल्यावर फर्स्ट स्टेजची टोपी कोरडी करून घट्ट लावायची आणि मगच गोड्या पाण्यात बुडवायचं. बुडवलेलं असताना सेकंड स्टेजचं बटण दाबायचं नाही. दाबलं तर झडप उघडते आणि नळीतून पाणी थेट आत जातं. पावसाळ्यात तीन-चार महिने डायव्हिंग बंद असतं, तेव्हा न धुता टांगलेल्या जोडात मिठाचे खडे धरतात.

सेकंडहँड घेताना फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेली धातूची जाळी उजेडात धरून पाहावी. हिरवट दिसली तर आत पाणी गेलंय, तांबूस असली तर पोलादी सिलिंडरचा गंज आलाय, काळसर असली तर काँप्रेसरच्या फिल्टरची काजळी. नळीवरचं रबरी टोपण मागे सरकवून सांध्यापाशी चिरा शोधाव्यात. सेकंड स्टेजचं झाकण उघडता आलं तर पडदा बोटांनी ताणून उन्हात धरावा. सुईएवढं भोक असलं तरी प्रत्येक श्वासाबरोबर पाण्याचा शिंतोडा तोंडात येणार.

आणि किंमत विचाराल तेव्हा बिलापुरती विचारू नका. बहुतेक कंपन्या वर्षा-दोन वर्षांनी सर्व्हिसिंग सांगतात. त्यात ओ-रिंगा आणि झडपांच्या सीट बदलायच्या असतात, आणि हे किट प्रत्येक कंपनीचं, कित्येकदा प्रत्येक मॉडेलचं, वेगळं. नामांकित रेग्युलेटर परदेशातून सवलतीत आणला आणि किट इथे मिळेना, तर तो कुरियरने परमुलखी पाठवण्यात सवलत केव्हाच फिटते. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न एवढाच करावा: हा उघडून बसवणारा माणूस सगळ्यात जवळचा कुठे, आणि किट त्याच्या कपाटात आहे का?