सिकलसेल असलेल्या लहान मुलाची हिवाळी सहल: ठिकाण कसे निवडावे, काय सांभाळावे

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यातल्या सिकलसेलच्या बाह्यरुग्ण विभागात औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, नाताळच्या सुट्टीत लेकराला कुठे घेऊन जाऊ शकतो का?" शेजारचे कुटुंब मनालीला बर्फ पाहायला निघालेले असते, वर्गातली मुले वॉटर पार्कच्या गोष्टी सांगत असतात, आणि आपल्या मुलाला मात्र दरवेळी "तुला त्रास होईल" एवढेच ऐकावे लागते.

उत्तर असे की बहुतेक मुले सहलीला जाऊ शकतात. पण ठिकाण, ऋतू आणि प्रवास मुलाच्या आजाराकडे बघून निवडावा लागतो. या लेखात एसएस प्रकारचा, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेल आजार असलेल्या सुमारे १० वर्षांपर्यंतच्या मुलांचा विचार केला आहे. एएस, म्हणजे फक्त वाहक असलेल्या मुलांबद्दल शेवटी लिहिले आहे.

थंडीत त्रास का वाढतो?

सिकलसेल आजारात रक्तातले हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. त्याला ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. यालाच आपण 'क्रायसिस' म्हणतो.

पेशी वाकायला किंवा अडकायला सहलीत पाच गोष्टी कारण ठरू शकतात:

• थंडी: कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्ताचा वेग मंदावतो.
• पाणी कमी पडणे: रक्त दाट होते.
• अतिश्रम आणि जागरण.
• जंतुसंसर्ग व ताप.
• उंची: हवेतला ऑक्सिजन विरळ होतो.

सहलीची आखणी म्हणजे या पाच गोष्टी टाळण्याची आखणी.

कुठे जावे?

१. आपल्याच जिल्ह्यात

लहान मुलाच्या पहिल्या सहलीसाठी हा पर्याय मला सर्वांत चांगला वाटतो. नवेगावबांधचा तलाव, नागझिऱ्याचे जंगल, जिल्ह्यातल्या तलावांकाठी दिसणारे सारस पक्षी, सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल, हे सारे घरापासून काही तासांच्या आत आहे. उंचीचा प्रश्न नाही आणि त्रास झाला तर तुमची फाइल ज्या दवाखान्यात आहे तिथे त्याच दिवशी पोहोचता येते.

इथली अडचण पहाटेची. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचे किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाणे नवे नाही. अशा पहाटे उघड्या जिप्सीत वाऱ्याचा मारा बसतो. म्हणून एसएस मुलासाठी सकाळची सफारी टाळा आणि दुपारची घ्या. परतताना ऊन उतरते, तेव्हा स्वेटर, कानटोपी, हातमोजे आणि पायमोजे हाताशी हवेत. धबधब्याच्या पाण्यात मुलाला उतरवू नका. काठावर बसून पाहण्यातही मजा असते.

२. चिखलदरा, पचमढी

या दोन्ही ठिकाणांची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर आहे. तब्येत स्थिर असलेल्या मुलाला एवढ्या उंचीचा सहसा त्रास होत नाही, रात्रीची थंडी मात्र चांगलीच असते. खोली बंदिस्त आणि उबदार हवी, आंघोळीला गरम पाणी हवे. सूर्योदय पाहण्याचा हट्ट सोडा, सूर्यास्त पाहा. लांब पायऱ्या आणि चढ असलेली ठिकाणे वगळा.

३. थीम पार्क आणि वॉटर पार्क

कोरड्या पाळण्यांचे थीम पार्क चालू शकते. तिथे खरा त्रास रांगेचा असतो: उन्हात उभे राहणे, दिवसभर चालणे आणि गर्दीत पाणी प्यायचे राहून जाणे. एका दिवसात सगळे पाळणे संपवायचे ठरवू नका. दोन-तीन निवडा आणि दुपारी तासभर सावलीत झोप किंवा आराम होऊ द्या. प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढलेली असेल तर पोटाला हिसका किंवा मार बसेल असे पाळणे नकोत. पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर कोणत्याही पाळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

हिवाळ्यात वॉटर पार्क नको. गार पाण्यात उतरणे, बाहेर येऊन ओल्या कपड्यांत वाऱ्यात उभे राहणे आणि पुन्हा पाण्यात जाणे, यातूनच अनेकदा त्याच रात्री वेदना सुरू होतात. उन्हाळ्यात जायचे असेल तर दुपारच्या ऊबदार वेळी, थोडा वेळ, आणि बाहेर आल्याबरोबर कोरडे कपडे, असा नियम ठेवा. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या ठिकाणी कृत्रिम बर्फाचे दालनही आहे. आत गोठणाऱ्या थंडीत खेळायचे असते, त्यामुळे तो भाग एसएस मुलासाठी वगळावा.

४. खऱ्या बर्फाची ठिकाणे

मनाली आणि शिमला २,००० मीटरच्या वर आहेत, गुलमर्ग २,६०० मीटरच्या आसपास. बर्फ पाहायला लोक मनालीहून रोहतांगला जातात, ती खिंड जवळपास ४,००० मीटरवर आहे. लेह ३,५०० मीटरवर. इथे उंची आणि कडाक्याची थंडी दोन्ही एकत्र येतात आणि मोठे रुग्णालय जवळ असेलच असे नाही. लहान एसएस मुलाला हिवाळ्यात इथे नेऊ नये, असाच माझा सल्ला आहे.

"नाही" कसे सांगावे?

चार-पाच वर्षांच्या मुलाला हिमोग्लोबिन समजत नाही, पण "तुझ्या रक्ताला ऊब आवडते" हे समजते. नकाराबरोबर लगेच दुसरी निवड द्या: "बर्फ नाही, पण आपण जंगलात हरणं पाहू. स्वेटर लाल घालायचा की निळा, ते तू ठरव." भावंडे बर्फाला आणि हा एकटा आजीकडे, असे शक्यतो करू नका. संपूर्ण कुटुंबाने ठिकाण बदलले, तर मुलाला आजार ही शिक्षा वाटत नाही.

निघण्यापूर्वी

किमान तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. त्या भेटीत पुढील गोष्टी करून घ्या:

• हिमोग्लोबिन तपासणी. आजारी नसतानाचे मुलाचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते, ते कार्डावर लिहून घ्या. परक्या गावातल्या डॉक्टरांना तो आकडा फार उपयोगी पडतो.
• न्यूमोकोकल, फ्लू व इतर लसी पूर्ण आहेत का, ते पाहणे. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात.
• हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड आणि पाच वर्षांखालील मुलांचे पेनिसिलिन, हे सर्व सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरेल इतके घेणे. सहलीत एकही डोस चुकवू नका.
• वेदनाशामक औषध कोणते, वजनाप्रमाणे किती आणि किती तासांनी, हे चिठ्ठीवर लिहून घेणे.
• सिकलसेल कार्ड, रक्तगट आणि मागच्या भरतीचे कागद यांचा मोबाइलमध्ये फोटो.

गेल्या महिनाभरात भरती व्हावे लागले असेल, नुकताच ताप येऊन गेला असेल किंवा हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा कमी असेल, तर सहल पुढे ढकला. तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील.

प्रवासात

एक चूक फार घरांत होते. बस वारंवार थांबवावी लागू नये म्हणून मुलाला पाणी कमी पाजले जाते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे या मुलांना लघवी जास्त होते आणि अंगातले पाणी लवकर कमी होते. पाणी कमी करू नका, थांबे वाढवा. थंडीत तहान लागत नाही म्हणून दर तासाला दोन-चार घोट आठवणीने द्या. कोमट पाणी, वरणाचे पाणी, सूप, ताजे लिंबूपाणी यांपैकी काहीही चालेल. रात्री अंथरूण ओले झाले तर रागावू नका. तो आजाराचा भाग आहे. ओले कपडे मात्र लगेच बदला.

विदर्भ एक्सप्रेससारख्या रात्रभराच्या गाडीत वातानुकूलित डबा घेतला तर एक जादा पांघरूण न्या, साध्या डब्यात खिडकी बंद ठेवा. स्थिर तब्येतीच्या मुलाला विमानप्रवास सहसा चालतो, पण डॉक्टरांना आधी विचारा.

जंगलाजवळ मुक्काम असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हवीच. सिकलसेलमुळे मलेरिया होत नाही, हा समज अर्धवट आहे. काही प्रमाणात संरक्षण मिळते ते वाहकांना. एसएस मुलाला मलेरिया झाला तर तो अधिक धोकादायक ठरतो.

वेदना सुरू झाल्या तर

मुलाला उबदार जागी झोपवा, भरपूर पाणी द्या, डॉक्टरांनी लिहून दिलेले वेदनाशामक द्या. दुखऱ्या भागाला कोमट शेक द्या, बर्फ कधीही लावू नका. ॲस्पिरिन देऊ नका. लहान बाळ दुखणे सांगू शकत नाही. त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात आणि हात लावला की ते रडते.

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवा आणि लगेच मोठ्या रुग्णालयात जा. १०८ ला फोन करा.

• १०१ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, म्हणून संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो.
• धाप लागणे, छातीत दुखणे.
• अचानक फिकट पडणे, गळून जाणे, पोटाची डावी बाजू फुगणे. प्लीहेत रक्त साठल्याची ही खूण असू शकते. निघण्यापूर्वी प्लीहा कशी चाचपावी, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या.
• एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, झटका येणे.
• औषध देऊनही वेदना न थांबणे किंवा वारंवार उलट्या होणे.

रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य हे असावे: "बाळाला सिकलसेल आहे, एसएस." आणि कार्ड पुढे करा.

वाहक मुलांचे काय?

एएस मुलांना सहसा कोणताही त्रास नसतो. ती सर्वत्र जाऊ शकतात. अति उंचीवर आणि खूप दमवणाऱ्या चढाईत पाणी व विश्रांतीची काळजी घ्यावी, एवढेच. तुमचे मूल एसएस आहे की एएस, हे नक्की माहीत नसेल तर सहलीआधी ते तपासून घ्या. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

लक्षात ठेवा

ठिकाण जवळचे, दुपार ऊबदार, पाणी भरपूर, औषध रोजचे आणि रुग्णालयाचा रस्ता माहीत. एवढे जमले तर तुमच्या मुलालाही जानेवारीत शाळेत सांगायला स्वतःची एक गोष्ट असेल.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या मुलाची तब्येत पाहून अंतिम निर्णय त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.