बर्फ वाहतो, हे कळलं कसं?

"जळगावच्या ४५ अंशांत वाढलेली तू, आणि अभ्यास बर्फाचा?" घरी गेले की हा प्रश्न ठरलेला. उत्तर तापीपासूनच सुरू करते. पूर आला की काठावरची जाणती माणसं वाहून आलेले ओंडके बघून वर काय झालं असेल याचा अंदाज बांधतात. ध्रुवीय समुद्राचा प्रवाहही असाच सापडला.

१८७९मध्ये 'जीनेट' हे अमेरिकी जहाज बेरिंग सामुद्रधुनीपलीकडे बर्फात अडकलं. २१ महिने बर्फासोबत वाहत राहिलं आणि जून १८८१मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बुडालं. त्यावरच्या वस्तू १८८४मध्ये मिळाल्या कुठे? ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला, तरंगत्या बर्फावर! म्हणजे अख्खा आर्क्टिक ओलांडून.

नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी मग 'फ्राम' हे भक्कम जहाज १८९३मध्ये मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं. तीन वर्षांनी ते स्वालबार्डजवळ मोकळं झालं. या प्रवासातल्या दोन नोंदी आम्ही आजही वापरतो.

पहिली: बर्फ वाऱ्याच्या दिशेनं सरळ जात नाही, २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. स्वीडनच्या एकमान यांनी याचं गणित मांडलं. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात हलणारं पाणी उजवीकडे वळतं. प्रत्येक थर खालच्या थराला ओढतो, तो आणखी वळतो आणि मंदावतो.

दुसरी: बर्फाखाली साधारण २०० मीटरवर अटलांटिकचं उबदार पाणी आहे. उबदार असून खाली कसं? कारण ते जास्त खारट. इतक्या थंडीत पाण्याचं जड-हलकं तापमानापेक्षा मीठच ठरवतं. वरचा थंड, कमी खारट थर बर्फाला या उबेपासून वाचवतो.

याच पाण्यावर नजर ठेवायला भारतानं २०१४मध्ये स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये 'इंडआर्क' ही वेधशाळा १९२ मीटर खोलीवर नांगरली. माणूस पोचत नाही त्या हिवाळ्यातही ती तापमान आणि क्षारता नोंदवते.

आपला काय संबंध? गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये कारा समुद्रातला घटता बर्फ आणि मध्य भारतातली सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो, असं मांडलं. तो पक्का सिद्ध व्हायला वेळ लागेल. पण सप्टेंबरात कापसाची बोंडं फुटायला लागतात. त्या वेळी कोसळणारा पाऊस म्हणजे काय, ते खानदेशात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.