मीरा-भाईंदरचें मैलपाणी व माटुंग्याचा दाखला

मीरा-भाईंदरचा परिसर इतिहासाच्या वाचकांस वसईच्या मोहिमेवरून ठाऊक आहे. घोडबंदर व धारावी हीं त्या मोहिमेंतील ठाणीं याच टापूंत पडतात. तथापि गांवाचा इतिहास लढायांनींच पुरा होत नाहीं. त्याचें मैलपाणी कोठें गेलें, हाहि इतिहासाचाच प्रश्न होय.

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, मधें मिठागरें व खाजणें, अशी ही सखल भूमि. उतार थोडा, भरतीच्या वेळीं नाल्यांचें पाणी अडतें. येथें इ. स. १९८५ मध्यें नगरपरिषद व २००२ मध्यें महानगरपालिका झाली. १९९१ च्या खानेसुमारींत सुमारें १.७५ लक्ष असलेली वस्ती २०११ मध्यें ८ लक्षांवर गेली. इमारती आधीं उठल्या, भुयारी गटारें मागाहून आलीं. तोंवर भिस्त इमारतींच्या मैलटाक्यांवर होती. त्यांतून वाहणारें पाणी नाल्यांवाटें खाडीस मिळे. पुढें, २००५ मध्यें सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाखालीं, भुयारी गटारें व निरनिराळ्या भागांत शुद्धीकरण केंद्रें बांधण्याचें काम हातीं घेतलें गेलें.

मैला जेथें निर्माण होतो त्याच्या जवळच त्याचें शोधन करावें, ही कल्पना नवी नाहीं. १८९१ मध्यें शाळिग्राम यांजसह मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ साहेब आम्हां सर्वांस परिचित आहेत. ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते, व त्यांच्याच पुढाकारानें १८९० मध्यें माटुंग्यास कुष्ठरोग्यांचा आश्रम उघडला. तेथील मैलटाक्यांतील ज्वालाग्राही वायु धरून १८९७ मध्यें त्यावर एंजिन चालविल्याची नोंद आढळते. बंद टाकींत, हवेवांचून, सूक्ष्म जंतु मैल्याचें विघटन करितात व हा वायु सुटतो. उलट, मैलपाण्यांत हवा खेळविली असतां तें त्वरेनें निवळतें, हें १९१४ मध्यें मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनीं दाखविलें. आजच्या बहुतेक केंद्रांचा पाया हाच.

ज्ञान असें हाताशीं असतां मुंबईनें दीर्घकाळ वरळीस समुद्रांत मैलपाणी सोडण्याचाच मार्ग धरिला. मीरा-भाईंदरास तो परवडणारा नाहीं. येथील खाडीवर व उत्तनच्या किनाऱ्यावर कोळ्यांचा निर्वाह आहे. म्हणून या योजनेचें माप केवळ नळांच्या लांबीवरून घेऊं नये, असें आमचें मत आहे. प्रत्येक घर गटारास जोडलें गेलें काय, आणि मैलटाकींत माणूस उतरविण्याची वेळ टळली काय, हें पाहावें. संरक्षक साधनांवांचून असें काम करून घेणें २०१३ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. ही प्रथा येथें खरोखर बंद पडली, अशी नोंद पुढील संशोधकास मिळाली, तरच योजना सिद्धीस गेली असें म्हणतां येईल.