वेठ वारशाने येते, भीती येते का?

आजोबांनी सोसलेले नातवात उतरते का? डहाणू-तलासरी भागात एक वारसा तर उघडच होता : कर्जाचा. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेणारा वारली ‘लग्नगडी’ होई. मग तो, बायको आणि पुढे मुलेही त्याच्याकडे राबत. 23 मे 1945 ला झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात, जर्मनांनी अन्न अडवल्याने हॉलंडमध्ये उपासमार झाली होती. तेव्हा गर्भावस्थेच्या आरंभी असलेल्यांच्या एका जनुकावरील मिथाइल गटांच्या खुणा सहा दशकांनंतरही कमी आढळल्या, असे 2008 साली प्रसिद्ध झाले. पण ही झळ खुद्द त्या गर्भांनाच लागली होती. अशा खुणा माणसाच्या नातवंडांपर्यंत पोहोचतात, याचा पक्का पुरावा आजही नाही.

म्हणून ‘भित्रेपणा यांच्या रक्तातच आहे’ असे वर्गात कोणी म्हणाले, तर आपण ते खोडून काढले पाहिजे. गेलेली जमीन, हुकलेली शाळा आणि घरातले मौन यांना जनुकांची गरज लागत नाही. विद्यार्थ्यांना एवढेच सांगू : आजीला विचारा, तुमचे आईवडील कुणाच्या शेतावर राबत? ती गप्प राहिली, तर हट्ट धरू नका.